बाहेरची पहिली पंगत

मूल सहा महिन्यांचे झाले, की घरात त्याच्या उष्टावणाची बोलणी सुरू होतात. मुहूर्त पाहिला जातो, चांदीची वाटी घासून ठेवली जाते, मामाला निरोप जातो आणि खिरीचे बोट बाळाच्या ओठांना लागले, की सारे घर कृतार्थ होते. बंगालातही पहिला भात भरवण्याचा मान मामाचाच. केरळातील पुष्कळ आईबाप त्यासाठी मूल घेऊन गुरुवायूरच्या देवळात जातात. या पहिल्या घासाचे एवढे कौतुक. परंतु पुढे वर्षभराने त्याच मुलाच्या आयुष्यात आणखी एक उष्टावण येते. त्याला ना मुहूर्त असतो, ना मंत्र. घराबाहेर, परक्या माणसांच्या शेजारी बसून, परक्या हाताने वाढलेले अन्न खाणे, हे ते दुसरे उष्टावण.

जुन्या मराठी घरांत हा प्रसंग सहसा येत नसे. ‘हॉटेल’ हा शब्द उच्चारतानाच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडे. बाहेरचे खाणे ही एक तर प्रवाशाची अडचण, नाही तर उनाडाची चैन! पुढे इराण्यांच्या आणि उडुप्यांच्या दुकानांत ‘फॅमिली रूम’ आली आणि लाकडी आडोशामागे बसून बायकामुलांना चहा घेता येऊ लागला. चहा तोच, टेबलही तेच. फक्त जगाने त्यांना पाहू नये आणि त्यांनी जगाला पाहू नये, एवढी व्यवस्था. याहून जाड आडोसा जातीचा होता. कित्येक उपाहारगृहांच्या पाटीवर पदार्थांच्या आधी जात लिहिलेली असे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने हा आडोसा निदान कायद्यापुरता मोडला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही, असे त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात म्हटले आहे. त्या यादीत वयाचा उल्लेख नाही. दीड वर्षाचा नागरिक आईच्या कडेवरून आत शिरला, की आजूबाजूच्या कपाळांवर अजूनही आठ्या उमटतात. आणि आठ्यांना कोणताच अनुच्छेद लागू होत नाही.

मग मुलाला न्यावेच कशाला, घरी ठेवावे, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. परंतु घरी कोणापाशी ठेवावे? नोकरीनिमित्त दिल्लीला, बंगळूरला किंवा कोलकात्याला बिऱ्हाड केलेल्या कुटुंबात आजी असते ती फोनवर. मूल घरी राहायचे, तर आईही घरीच राहते. मुलाला उपाहारगृहाचा दरवाजा बंद झाला, की तो त्याच्या आईलाही बंद होतो, ही गोष्ट आठ्या घालणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

मुंबईत माटुंग्याला या दुसऱ्या उष्टावणासाठी उत्तम जागा सापडतात. येथे ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी पद्धतीचे श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. आसपास दाक्षिणात्य उपाहारगृहांची दाटीच आहे. अशाच एखाद्या लहानशा उडुपी हॉटेलात दादरचे एक जोडपे दीड वर्षाच्या मुलीला घेऊन शिरते, असे समजावे. वेळ संध्याकाळी सहाची. रविवारची दुपार त्यांनी शहाणपणाने टाळली आहे. कारण दारात ताटकळत उभे राहण्याचा संयम या वयाला देवाने दिलेला नाही. वेळेची निवड ही यातली अर्धी लढाई आहे. इंदूरचा सराफा खाण्यासाठी कितीही नामांकित असो, तो भरतो रात्री, सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर. त्या सुमारास हा पाहुणा झोपेला आलेला असतो, आणि झोपेला आलेल्या मुलापुढे गुलाबजाम काय आणि कारले काय, दोन्ही सारखेच!

बसण्याची जागा भिंतीकडेची बरी. स्वयंपाकघराच्या वाटेवर नको. तेथून वेटर उकळत्या कॉफीचे पेले आणि सांबाराच्या वाट्या घेऊन लगबगीने येत असतात. मोठ्यांची कॉफी मुलाचा हात पोहोचणार नाही अशा अंतरावर ठेवावी, हे सांगायला नको असे वाटते. तरीही भाजल्याचे प्रसंग घडतात ते नेमके असेच, गप्पांच्या ओघात.

मुलीचा पदार्थ सर्वांआधी मागवावा, आणि तो साधी इडली असावा. तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, आंबवून वाफेवर शिजवलेला हा गोळा म्हणजे अर्धवट दातांवर केलेली कृपाच. त्यात तेल नाही, तिखट नाही. शिवाय ती बहुधा तयार असते, डोशासारखी थांबायला लावत नाही. तिच्याच शेजारचा मेदुवडा दिसायला तसाच निरागस. पण त्याच्या पोटात मिरी आणि खोबऱ्याचे तुकडे दडलेले असतात. पोंगलमध्येही अख्खी मिरी असते. अख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे हे तर या वयात टाळावेतच; ते घशात अडकून श्वास कोंडण्याचे भय असते. मुलाने खाताना बसलेले असावे, धावत घास घेऊ नये, हा आजीचा नियम डॉक्टरांनाही मान्य आहे.

जुन्या शास्त्रकारांनी अन्नप्राशनानंतर मुलापुढे पुस्तक, शस्त्र, हत्यारे अशा वस्तू मांडून त्याची जीविकापरीक्षा घ्यावी असे सांगितले. माटुंग्याच्या टेबलावर ती आपोआप होते. मुलगी प्रथम चमचा उचलते, तो खाली टाकते आणि आवाज ऐकून खूष होते. मग मिठाची डबी. मग पदार्थांचे दरपत्रक, तेही उलटे. एवढ्यात इडली येते; तिचा एक तुकडा तोंडात, दोन मांडीवर आणि एक मुठीत घट्ट, अशी वाटणी होते. वेटर न सांगता पाण्याचे पेले दूर सरकवतो. “अण्णा, जरा कोरी वाटी द्याल?” असे आई म्हणते, तेव्हा वाटीबरोबर तो दह्याची छोटी वाटीही ठेवतो. उडुपी हॉटेलातील वेटर मुलांचा फार मोठा जाणकार असतो. त्याची स्वतःची मुले कित्येकदा दूर गावी वाढत असतात.

मग रडणे येते. ते येणारच. अशा वेळी हल्ली खिशातून मोबाइल निघतो आणि क्षणात शांतता पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलासाठी पडद्यासमोर बसणे मुळीच योग्य नाही आणि दोन वर्षांच्या मुलासाठीही दिवसाकाठी तासाभराच्या वर नको. परंतु डोळ्यांचा आणि मेंदूचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक नुकसान उरतेच: त्या शांततेत मूल उपाहारगृहात नसते. ज्या माणसांना पाहण्यासाठी त्याला येथे आणले, ती सर्व माणसे पडद्यामागे जातात. फॅमिली रूमचा जुना आडोसाच जणू हातात मावेल एवढा होऊन परत येतो.

दादरच्या या घरातला बाप वेगळे करतो. बायकोचा डोसा नुकताच आला आहे, कडेला कुरकुरीत आणि वाफाळलेला. तो मुलीला उचलतो आणि रस्त्यावरच्या बसगाड्या दाखवायला दारात नेतो. त्याचा स्वतःचा उपमा निवत राहतो. आई एकटी बसून डोसा खाते. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, गरम. दीड वर्षात तिने गरम असे काही सलग खाल्लेले नाही. घरी तिचे ताट नेहमी शेवटचे, आणि तेही तीनदा उठून संपवलेले. या संध्याकाळचे खरे प्रयोजन कोणी विचारलेच, तर ते त्या दहा मिनिटांत आहे, इडलीत नाही.

उठण्यापूर्वी दोघेही टेबलाखाली वाकून सांडलेले तुकडे वेचतात. टेबल पुसणारा मुलगा फडके घेऊन उभाच असतो, ते त्याचे कामच असते. तथापि आपल्या मुलाचा पसारा दुसऱ्याच्या पोराने निमूटपणे उचलावा, हे पाहत बसणे बरे नव्हे.

गल्ल्यापाशी बिल देताना मुलगी बापाच्या खांद्यावरून मागे पाहते. टेबल रिकामे होण्याची वाट पाहत एक वृद्ध गृहस्थ तेथे उभे असतात. ती त्यांच्यापुढे मूठ उघडते. मघाचा तो इडलीचा तुकडा आता पार चेपलेला, ओला, निम्मा चोखलेला. आई ओशाळून तिचा हात मागे ओढू पाहते. गृहस्थ मान हलवून तिला थांबवतात, दोन बोटांनी तुकडा उचलतात आणि तोंडात टाकतात. ते कोण, कोठले, हे कोणी विचारत नाही. मुलगी क्षणभर त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे पाहते आणि मग दुसरी मूठ उघडून दाखवते. तीत काहीच नसते.