मनःस्वास्थ्याचा हक्क आणि दूरध्वनीवरील समुपदेशन



मनाच्या दुखण्याविषयी समाजवादी कार्यकर्त्याने बोलावे काय, असा प्रश्न अजूनही अधूनमधून विचारला जातो. रोजगार, रेशन, पाणी आणि घर हे प्रश्न दारात उभे असताना ताण, चिंता किंवा मुलांच्या संगोपनातील ओढाताण हे सुखवस्तू वर्गाचे चोचले आहेत, अशी समजूत या प्रश्नामागे असते. ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. बारा तासांची पाळी करून घरी परतलेल्या पहारेकऱ्याला झोप लागत नाही, कर्जाचा हप्ता चुकला की शेतकऱ्याच्या छातीत धडधडते, चार घरची धुणीभांडी उरकून आलेली बाई क्षुल्लक कारणावरून मुलाला बडवते आणि मग रात्रभर रडते. या दुःखाला नाव नसते, म्हणून त्याची दाद कुठे लागत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याचे दुःख वैद्यकीय मानले जाते. ज्याच्याकडे तो नाही, त्याचे दुःख स्वभावदोष ठरते. विषमतेचे हेही एक रूप आहे.

२०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. परंतु त्या निष्कर्षांपासून महाराष्ट्राला अलिप्त राहता येणार नाही. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य आणि चिंता यांसारख्या नित्य आढळणाऱ्या विकारांत सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत कोणताही उपचार पोचलेला नव्हता. शंभरांतील पंच्याऐंशी माणसे उपचाराविना राहतात, तेव्हा तो त्या माणसांचा दुबळेपणा नसतो. ते व्यवस्थेचे अपयश असते.

शासनाने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. मोठ्या शहरांतील मनोरुग्णालयांपुरती अडकलेली सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावी, हा त्यामागील विचार होता. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासनाने चालविलेल्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता बंधनकारक केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी आधार द्यावा, हे तत्त्वही याच कायद्याने मान्य केले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीसह अनेक भाषांत समुपदेशकाशी बोलता येते. गरज भासल्यास तेथून पुढे तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा पातळीवरील उपचाराकडे पाठविले जाते.

दूरध्वनीवरील समुपदेशनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मनोविकारतज्ज्ञाच्या दारात उभे राहिल्यास गाव काय म्हणेल, या भीतीने कित्येक जण घराबाहेरच पडत नाहीत. तालुक्याहून जिल्ह्याला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते. फोनने ही मजुरी वाचते आणि लाजही झाकली जाते. परंतु साधन सर्वांच्या हाती सारखे आलेले नाही, हे विसरून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्यांनी नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन मागून घ्यायचा आणि ज्याच्या वागण्याने मन खचले त्याच्याच समोर बोलायचे काय? एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे एकान्त कोठून आणायचा? गरिबाला भिंतीआडचे बोलणेही परवडत नाही, ही साधी गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

दुसरा धोका बाजाराचा आहे. गेल्या काही वर्षांत इंटरनेटवरून समुपदेशन विकणाऱ्या कंपन्या सर्वत्र उभ्या राहिल्या. तेथे ग्राहकाचे दुःख हाच माल होतो. अमेरिकेतील बेटरहेल्प या कंपनीने लोकांना गुप्ततेचे आश्वासन देऊन त्यांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदी कंपन्यांना पुरविली, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ साली त्या कंपनीला ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. ज्या देशात ग्राहकहक्कांची यंत्रणा इतकी जुनी आहे तेथे हे घडते, तर जेथे करारातील बारीक अक्षरे वाचण्याची सवड आणि भाषा दोन्ही नाहीत तेथे काय घडेल, याचा विचार झाला पाहिजे.

तिसरा आक्षेप चळवळीच्या आतूनच घेतला जातो आणि तो गंभीर आहे. समुपदेशन माणसाला अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकविते, संघर्षाची धार बोथट करते, असे काही साथी म्हणतात. मालकाने कामाचा वेग दुप्पट करायचा आणि कामगाराला श्वास मोजण्याचा सल्ला द्यायचा, हा प्रकार खरोखरच घडतो व त्याला विरोध केलाच पाहिजे. परंतु त्यावरून समुपदेशनच नको असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ज्याचा पाय मोडला आहे त्याला रस्ता दुरुस्त होईपर्यंत थांब असे कोणी सांगत नाही. पायाला प्लास्टर घालायचे आणि रस्त्यासाठी मोर्चाही काढायचा असतो. खचलेला माणूस लढत नाही. सावरलेला माणूस निदान युनियनच्या बैठकीला येतो.

मुलांच्या संगोपनाचा प्रश्न या दृष्टीने तपासावा. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद झाली. परंतु घरकामगार, बांधकाम मजूर आणि ऊसतोडणी कामगार स्त्रीला या तरतुदीचा प्रत्यक्षात काय लाभ? बीडहून कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याचे मूल एक तर फडावर वाढते किंवा गावी आजीपाशी राहते. अशा आईला 'मुलाला वेळ द्या' असा सल्ला फोनवरून देणे हा क्रूर विनोद ठरेल. तिला पाळणाघर हवे, अंगणवाडी हवी, हंगामी वसतिगृह हवे. आणि त्याबरोबरच तिचे ऐकून घेणारे माणूसही हवे.

असे माणूस गावातच तयार होऊ शकते, याचा पुरावा उपलब्ध आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात महिला आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन बाळंतपणाच्या काळातील नैराश्यावर मातांना घरोघरी आधार देण्यात आला. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर असा आधार मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के नैराश्यात आढळल्या. गोव्यातही संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकरवी असेच काम यशस्वीपणे केले. मात्र यातून आशा सेविकांच्या शिरावर आणखी एक बिनपगारी ओझे टाकण्याचा मोह सरकारला होईल. मानधनावर राबविल्या जाणाऱ्या स्त्रीने दुसऱ्यांचे ताण हलके करावेत आणि तिच्या ताणाकडे कोणी पाहू नये, हे समाजवादाला मान्य होणारे नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. समुपदेशनाची सेवा सार्वजनिक व विनामूल्य असावी. समुपदेशकांना योग्य प्रशिक्षण, नियमित वेतन आणि नोकरीची हमी असावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक बंद खोली आणि एक फोन असावा, म्हणजे ज्या स्त्रीकडे स्वतःचा मोबाइल नाही तिलाही मोकळेपणाने बोलता येईल. खाजगी कंपन्यांवर गुप्ततेचे कडक बंधन असावे. आणि फोनची सोय झाली म्हणून जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचे पद रिकामे ठेवण्याची सवलत शासनाला मिळता कामा नये.

शाखांनी करण्याजोगे काम तर आजच सुरू होऊ शकते. १४४१६ हा क्रमांक शाखेच्या फलकावर, रेशन दुकानाबाहेर आणि मजूर अड्ड्यावर लिहावा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची कोणती पदे भरलेली आहेत, याची माहिती अधिकारात विचारणा करावी. बैठकीत एखादा साथी सतत गप्प राहू लागला, तर बैठकीनंतर त्याच्याबरोबर चहा घ्यावा आणि उपदेश न करता ऐकावे. समतेची भाषा बोलणाऱ्या संघटनेत आपल्या मनाचे दुखणे बोलून दाखवायला माणसाला भीती वाटत असेल, तर त्या संघटनेने बाहेर कोणाची भीती घालविण्याची आशा करू नये.