दवाखाना बंद होतो तेव्हा

(सटाणा येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



दोस्तांनो, सटाण्यातल्या कितीतरी घरांचं मालेगावशी नातं आहे. कुणाची बहीण तिथं दिलीय, कुणाचे मामू यंत्रमागावर आहेत. म्हणून आज मालेगावबद्दलच बोलतो.

८ एप्रिल २०२० ला मालेगावात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर मोहल्ल्यांतले बहुतेक खासगी दवाखाने बंद झाले. त्या महिन्यात शहरातले मृत्यू आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या जवळपास दुप्पट झाले. कोरोनाचे म्हणून नोंदलेले मृत्यू त्यात थोडेच होते. काहींची तपासणीच झाली नसेल. पण मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकाराच्या कित्येकांना वेळेवर डॉक्टरच मिळाला नाही.

यंत्रमाग कामगाराचा डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावर बसणारा, थोडक्या फीत औषध देणारा, वेळ पडली तर उधारी ठेवणारा. त्याचं शटर खाली आलं की त्या कामगारासाठी सगळंच बंद.

डॉक्टरांना दोष देऊन मोकळं होता येतं. पण संरक्षक साधनं अपुरी होती आणि त्यांच्याही घरी म्हातारे आईवडील होते. आरोग्य सर्वेक्षणाला आलेल्यांकडे आपल्याच काही लोकांनी संशयानं पाहिलं. ही एनआरसीची माहिती तर नाही ना, अशी धास्ती होती. त्या धास्तीला कारण होतं, तरी नुकसान आपल्याच आजाऱ्यांचं झालं.

आता आशाताईंकडे बघा. गर्भवतीची नोंद, बाळाची लस, टीबीच्या रुग्णाची गोळी, सगळं त्या बघतात. कागदावर मात्र त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा मानधनासाठी संपावर गेल्या. तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या बाजूनं उभे राहिले?

म्हणून तीन कामं सांगतो. आपल्या गल्लीत इन्सुलिन कुणाला लागतं, डायलिसिस कुणाचं चालू आहे, हे त्यांच्या संमतीनं दोघातिघांना ठाऊक असू द्या. आशाताईंचा नंबर प्रत्येक घरात असू द्या आणि त्यांच्या मानधनासाठी आपणही आवाज उठवू. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत कोण आहे, ते विचारा. औषध संपलं, डॉक्टरची जागा रिकामी राहिली, तर लेखी अर्ज द्या.

दवाखाना बंद पडल्यावर मोर्चा काढावा लागतो. तो चालू आहे तोवर त्याची विचारपूस करू या.