लोणारचा धडा

उल्हासनगर कॅम्प नंबर ३ च्या दाट वस्तींत सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें एक वाटोळें विवर पडलें आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. त्याच्या कांठानें प्रदक्षिणा घालावयाची तर साडेपांच किलोमीटरांहून अधिक चालावें लागेल. तळ सुमारें दीडशें मीटर खोल असेल. ही कल्पना भयंकर खरी, पण निराधार नव्हे. असें विवर याच महाराष्ट्रांत, बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार येथें आहे.

लोककथेनें लोणारचा संबंध लवणासुराशीं जोडला. पुढें कित्येक अभ्यासकांनीं तें ज्वालामुखीचें मुख मानलें. परंतु १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तेथील काळ्या बसाल्ट खडकांत मॅस्केलिनाइट हा कांचेसारखा पदार्थ दाखविला. प्रचंड आघातावांचून तो निर्माण होत नाहीं. हा प्रहार आकाशांतून आला होता.

सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या अशा धोंड्यांस लघुग्रह म्हणतात. त्यांचें सामर्थ्य वजनापेक्षांहि वेगांत असतें. वेग दुप्पट झाला कीं ऊर्जा चौपट होते. रशियांतील चेल्याबिन्स्क शहराजवळ १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं सुमारें वीस मीटर रुंदीचा धोंडा आकाशांतच फुटला. प्रकाश तत्काळ दिसला, धक्का मागाहून आला. तेवढ्या अवधींत अनेकजण कुतूहलानें खिडक्यांशीं गेले, आणि फुटलेल्या कांचांनीं घायाळ झाले. जखमींची संख्या सुमारें दीड हजार होती.

मग उपाय कोणता? पहिला उपाय पाहणें हाच. ‘२०२४ वायआर ४’ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजीं चिलीमधील दुर्बिणीनें टिपला. २२ डिसेंबर २०३२ रोजीं तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्यें सुमारें तीन टक्के वर्तविली गेली. संभाव्य पट्टा दक्षिण आशियापर्यंत पोंचत होता. अधिक वेध घेतांच पृथ्वीपुरती ती शक्यता नगण्य ठरली. धोंड्यानें मार्ग बदलला नव्हता. माणसाचें ज्ञान वाढलें होतें.

दुसरा उपाय ढकलण्याचा. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेचें ‘डार्ट’ यान डिमॉर्फस या लघुग्रहाच्या चंद्रावर मुद्दाम आदळविण्यांत आलें. त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारें ३२ मिनिटांनीं घटला. धोंडा फोडावयास नको; वेळीं दिलेला अल्पसा धक्का पुरतो. सेकंदास एक सेंटिमीटर एवढाच फरक पडला, तरी साध्या हिशोबानें वीस वर्षांत सुमारें ६,३०० किलोमीटरांचें अंतर पडतें. हें जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतकें आहे. तोच धक्का आदल्या महिन्यांत दिला, तर व्यर्थ.

म्हणून या कामीं खरें शस्त्र म्हणजे अवधि. आणि तो आकाशाकडे नित्य लक्ष ठेवणाऱ्या दुर्बिणी मिळवून देतात. सामान्य नागरिकानें चेल्याबिन्स्कचा एवढाच बोध घ्यावा: आकाशांत सूर्याहून प्रखर तेज झळकलें, तर खिडकीशीं धांवूं नये, तिच्यापासून दूर व्हावें. कॅम्पांतल्या घरांनाहि खिडक्या आहेतच.