भाकरी, वरण आणि मोसंबी

जालना जिल्ह्यात मांसाहार कमी करणाऱ्यांना तुरीचा मोठा आधार आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने ‘बीडीएन ७११’सारखे तुरीचे वाण दिले. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत भरपूर. म्हणूनच भाकरी-वरण ही जोडी खरोखर भक्कम. सोबत जालन्याची मोसंबी खाल्ली तर डाळीतले लोहही अधिक शोषले जाते. ज्वारीत ग्लूटेन नसते; मात्र गिरणीत आधी गहू दळलेला असेल, तर दगडांत अडकलेले पीठ ज्वारीत मिसळते. ग्लूटेन न चालणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी तेवढेही घातक ठरते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्यास भाकरीसोबत नुसत्या जवसाची चटणी करावी. दूधही सोडणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.