रुग्णापर्यंत जाणारी माणसं

शेतातली कामं बाजूला ठेवून मांडवात येऊन बसलेले आईवडील, आणि आज भोकरमध्ये पॅरामेडिकची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमच्यापैकी काहींनी परदेशात इंटर्नशिप करायचं ठरवलं आहे, काहींची कागदपत्रं चालू आहेत, आणि बऱ्याच जणांच्या मनात ते असूनही घरी विषय काढायचं धाडस होत नाही, असं तुमच्या सरांकडून कळलं. म्हणून आज त्याच एका विषयावर बोलायचं ठरवून आले आहे. जावं का, कशासाठी जावं आणि तिथे गेल्यावर काय बघावं, एवढंच.

त्याआधी आपल्या कामाबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की करूया. आरोग्यव्यवस्थेतले बहुतेक लोक रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट बघतात. केसपेपर, रांग, ओपीडी, वॉर्ड, सगळं त्यानंतरचं. आपण त्याच्याकडे जातो. तो शेतात असेल, पुलाखाली असेल, तिसऱ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत असेल, तर आपणही तिथेच असतो. ही कल्पना आज साधी वाटते, पण ती उभी करायला माणसांना फार झगडावं लागलं आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला फ्रँक पँट्रिज नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. हृदयविकाराचे कितीतरी रुग्ण रुग्णालयाचं दार दिसायच्या आधीच जातात, हे त्यांना सहन होईना. १९६६ मध्ये त्यांनी डिफिब्रिलेटरच रुग्णवाहिकेत चढवला. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं ते धूड सत्तर किलोंच्या आसपास भरायचं. आज तुम्ही एका हाताने उचलता त्या यंत्राचा तो आजोबा.

मला त्याहूनही जवळची वाटते ती अमेरिकेतल्या पिट्सबर्गची गोष्ट. १९६०च्या दशकात तिथे आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी यायची, नाहीतर अंत्यसंस्कार करणाऱ्यांची. गाडीत घालायचं आणि पळवायचं, वाटेत उपचार नाहीत. डॉ. पीटर साफार हे कृत्रिम श्वास आणि छातीदाबाची पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी १९६७ मध्ये फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा उभी करण्यात पुढाकार घेतला. तिथे निवडलेले तरुण कोण होते? हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतले, बहुतेक बेरोजगार, काही शाळाही पुरी न केलेले. ज्यांना शहर कामावर ठेवायला तयार नव्हतं, अशा पोरांना महिनोन् महिने शिकवून त्यांनी त्या काळातली अमेरिकेतली सर्वांत तयार अशी तुकडी घडवली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या, स्वतः त्यांच्यासोबत गाडीवर फिरल्या, आणि त्या अनुभवातून घडलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक आजही जगभर पॅरामेडिकच्या वर्गात वापरलं जातं. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि या तरुणांतल्या बहुतेकांना एकेक करून बाहेर पडावं लागलं. तो अन्याय होता. पण आपला व्यवसाय कुणाच्या हातांनी जन्माला आला, हे तुम्हांला ठाऊक असावं म्हणून सांगते. परदेशातल्या एखाद्या चकचकीत रुग्णवाहिका केंद्रात उभं राहून ‘आपण कुठले, भोकरचे’ असं वाटलं, तर पिट्सबर्गची ती पोरं आठवा. तुम्ही कुणाच्या घरात आगंतुक म्हणून गेलेले नसता.

आणि आपल्या बाजूने कुणी गेलंच नव्हतं असंही नाही. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टरांचं पथक सप्टेंबरमध्ये मुंबईहून बोटीने निघालं. त्यात दोघे मराठी मुलखातले, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांना अठ्ठाविसावं वर्षही पुरं व्हायचं होतं. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, पुढच्या शिक्षणाची तयारी चाललेली. आजच्या भाषेत सांगायचं तर तुमच्यापेक्षा थोडेच पुढे.

त्यांनी तिथे काय केलं ते नीट बघा, कारण परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला त्यात शिकण्यासारखं आहे. ते चिनी भाषा शिकले. गरजेपुरते चार शब्द नव्हेत, पुढे त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. आघाडी जिकडे सरके तिकडे त्यांचं शस्त्रक्रियेचं टेबलही सरके. जखमी माणूस मागे येईपर्यंत थांबायचं नाही, ही रीत तिथल्या डोंगराळ भागात कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी घालून दिली होती. १९३९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन बेथ्यून गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये संचालक झाले. सोलापुरात वडील वारल्याची बातमी त्यांना तिथेच कळली, तरी ते कामावरून उठले नाहीत. लग्न तिथेच झालं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा मृत्यू झाला. पथकातले बाकीचे परत आले, ते आले नाहीत.

हे मुद्दाम सांगते, कारण अशा समारंभात पाहुण्याने ‘शिका आणि परत या’ असं बजावायची पद्धत आहे. मी तसं बजावणार नाही. कुणी तिथे राहील, कुणी परतेल. मी तुमच्याकडून मागते आहे ते वेगळं. जिथे असाल तिथे रुग्णाजवळ जा, त्याच्या भाषेपर्यंतसुद्धा जा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळूया. परदेशी गेल्यावर पहिला धक्का गाडीत कोण बसलं आहे हे बघून बसेल. आपल्या महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, सुरुवातीला ९३७ गाड्यांची, आणि आपल्या गाडीत डॉक्टर असतो. लंडनला जाल तर नेहमीच्या गाडीत डॉक्टर दिसणार नाही. पॅरामेडिक आणि त्याचा जोडीदार, दोघे मिळून ठरवतात की या आजींना रुग्णालयात न्यायचं, घरीच उपचार करायचे, की थेट स्ट्रोक युनिटला फोन लावायचा. जर्मनीत तिसरी तऱ्हा आहे. तिथे २०१४ पासून तीन वर्षांचं शिक्षण घेतलेला कर्मचारी रुग्णवाहिकेतून येतो, आणि प्रसंग गंभीर असेल तर डॉक्टर वेगळ्या छोट्या मोटारीने मागोमाग पोहोचतो. यातलं कोणतं बरोबर, असा वाद घालत बसू नका. निर्णय कोण घेतो आणि चुकल्यास जबाब कोण देतो, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. तुमच्या वहीचं पहिलं पान या उत्तराने भरलं पाहिजे.

इतक्या लांब न जाताही एक परदेश तुम्हांला अनेक वर्षं दिसत होता. भोकरहून कल्याण–निर्मल रस्त्याने पुढे गेलं की भैंसा. तिथे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, २००५ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली १०८ सेवा आपल्याआधी कितीतरी वर्षं पोहोचली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिक्षकांनी हैदराबादला येऊन त्यांच्या पॅरामेडिकना शिकवलं. सीमेच्या अलीकडे मात्र आपण जीप, ट्रॅक्टर, मिळेल ते वाहन करून माणसं नांदेडला नेत होतो. त्या वर्षांत या रस्त्यावर कोण कोण गेलं, हे या मांडवातल्या थोरामोठ्यांना विचारा.

विद्यार्थीदशेत मी ब्रिटनमधल्या एका शहरात काही काळ रुग्णवाहिकेवर होते. तिथली यंत्रं मला आज फारशी आठवत नाहीत. आठवतो तो हँडओव्हर. गाडीवरची मुलगी अपघातातला रुग्ण घेऊन आत आली. खोलीत सात-आठ जण, त्यात एक ज्येष्ठ प्राध्यापक. सगळ्यांनी हात मागे घेतले आणि ते गप्प झाले. तिने सांगितलं: वय, अपघाताची वेळ, काय घडलं, कुठे इजा दिसते, नाडी आणि रक्तदाब, आम्ही काय दिलं. अर्धं मिनिट लागलं असेल. मग प्राध्यापकांनी तिला एक प्रश्न विचारला, तिच्याकडे बघून, आणि तिने उत्तर दिल्यावरच हात पुन्हा रुग्णाकडे गेले. रस्त्यावर जे घडलं ते फक्त तिनेच पाहिलेलं होतं. ती अर्ध्या मिनिटाची शांतता नसती तर ती सगळी माहिती कोलाहलात बुडाली असती.

असंच औषधाचं. एकाने ‘अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम’ म्हटलं की दुसरा तेच शब्द मोठ्याने परत म्हणणार, आणि दिल्यावर ‘दिलं’ असं वेळेसकट सांगणार. कामाची पाळी सुरू होताना ऑक्सिजनचा सिलिंडर किती भरला आहे, सक्शन चालतं का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे यादी हातात घेऊन बघणार. एखादं लेकरू दगावलं तर पाळी संपल्यावर सगळे बसून बोलणार, कुणाचं चुकलं म्हणून नाही, तर मन जड घेऊन कुणी घरी जाऊ नये म्हणून. यातल्या कशालाही निविदा काढावी लागत नाही. भोकरच्या ग्रामीण रुग्णालयात हे उद्या सुरू करता येतं. माझ्या मते परदेशी जाण्याचं खरं मोल अशा गोष्टी बघण्यात आहे.

आता थोडं कठोर बोलते. तिथे तुम्ही विद्यार्थी असाल. पर्यवेक्षकाने लिहून दिलेल्या मर्यादेच्या एक पाऊलही पुढे जायचं नाही. ब्रिटनमध्ये नियामक संस्थेकडे नोंदणी नसताना स्वतःला पॅरामेडिक म्हणवणं हा गुन्हा आहे. पण मी कायद्याच्या भीतीपोटी सांगत नाही. श्रीमंत देशांतले विद्यार्थी नेपाळ, टांझानिया, श्रीलंका इथे इंटर्नशिपला जातात. त्यांतले बरेच मनापासून शिकतात. काहीजण मात्र स्वतःच्या देशात जे करायची परवानगी नाही ते तिथे गरिबाच्या अंगावर करून बघतात, कारण तो गरीब नाही म्हणू शकत नाही. उद्या एखाद्या परक्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या म्हातारीच्या गळ्यात पहिल्यांदाच नळी घालून बघितली, तर तुम्हांला कसं वाटेल? ती म्हातारी जगात सगळीकडे आहे. लंडनमध्ये आणि बर्लिनमध्येही आहे.

तुम्ही रिकाम्या हाताने जाणार नाही, हेही ऐका. मण्यार चावलेल्या माणसाच्या दंशावर सूज नसते, फारसं दुखत नाही, आणि पहाटे पापण्या जड व्हायला लागतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. तिकडच्या अनेक अनुभवी पॅरामेडिकनी ते आयुष्यभर पाहिलेलं नसतं. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी, मजूर गेले. घामाने भिजलेला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेला माणूस समोर आला की आधी त्याचे कपडे उतरवून अंग धुवायचं, आणि ते करताना स्वतः हातमोजे घालायचे, हे इथल्या मुलीला झोपेतही सुचतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मराठवाड्यातल्या खेड्यातून निघालेलं डोकं जगाला शिकवू शकतं, याला आणखी काय पुरावा हवा! तेव्हा तिथे ‘तुमच्याकडे काय असतं?’ असं कुणी विचारलं तर लाजू नका. सविस्तर सांगा.

पैशाबद्दल आईवडिलांसाठी बोलते. इंटर्नशिपच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्या एजन्सीचे फोन तुम्हांला येतील. शिकवणाऱ्या संस्थेचं नाव, पर्यवेक्षकाचं नाव, विद्यार्थ्याला काय करता येईल आणि काय नाही याचा लेखी करार, व्हिसाचा प्रकार, चूक झाल्यास लागणारा व्यावसायिक विमा: यातलं एक जरी देता येत नसेल तर फोन ठेवा. आणि काही झालं तरी यासाठी जमीन विकू नका. शिकाऊ म्हणून काही आठवडे काढण्याची किंमत एका एकराइतकी कधीच नसते. नोकरीचं आमिष असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटची नोंद आहे का ते आधी बघा. मुलांनो, तुम्ही हिपॅटायटिस बीची लस आणि त्यानंतरची अँटिबॉडी तपासणी वेळेत करून घ्या. ती ऐनवेळी होत नाही आणि तिच्यावाचून बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत.

जे इथेच राहणार आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात तितकाच आदर आहे. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, पॅरामेडिक हे नाव व्यवसायांच्या यादीत घेतलं. नोंदणीचं काम राज्याच्या परिषदेकडे आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. आणि भाषा शिका. किनवट, हिमायतनगर, भोकर या पट्ट्यात रुग्णाच्या तोंडून निघणारा पहिला शब्द मराठीच असेल असं नाही. तो तेलुगू असेल, उर्दू असेल, रुग्ण बंजारा तांड्यावरचा असेल तर गोरमाटी असेल. साप चावलेल्या माणसाला पारावर घेऊन बसलेल्या घरच्यांना गाडीत बसवायचं, तर त्यांच्याच बोलीत बोलावं लागतं. तिथे आवाज चढवून काही होत नाही. कोटणीसांना चिनी यायला वेळ लागला असेल. तुमच्या वर्गात तर या तिन्ही भाषा बोलणारी मुलं शेजारी बसलेली आहेत.

प्राचार्यांशी बोलून एक ठरवलं आहे. ज्यांचं परदेशी जाणं नक्की होतंय त्यांचे करार सही करण्याआधी आम्ही दोघं-तिघं वाचून देऊ, त्याचे पैसे नाहीत. आणि ज्या विद्यार्थ्यांना तेलुगू किंवा गोरमाटी येते त्यांनी आज जेवणाच्या वेळी मला भेटावं. छातीत कुठे दुखतं, श्वास कधीपासून लागतो, काय खाल्लं, काय फवारलं, हे चार प्रश्न चारही भाषांत एका कागदावर लिहून गाडीत चिकटवायचे आहेत, आणि ते मला एकटीला येत नाहीत.