पटत नसेल तर जावं का?



आपल्या धाराशिव जिल्ह्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, की जिथं सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, पंढरीची वारी चुकत नाही, आणि कुळाचार म्हणून देवीला बोकडही कापलं जातं. माळकरी त्या दिवशी देवीला नारळ वाहतात आणि पंगतीत पुरणपोळी खाऊन उठतात. त्यांना कुणी जाब विचारत नाही.

चर्चमध्ये एवढी मोकळीक नसते. काय मानायचं ते तिथं मतांगीकारात लिहून ठेवलेलं असतं आणि साऱ्या मंडळीनं उभं राहून ते एका सुरात म्हणायचं असतं. आपण गप्प राहिलो की शेजारच्याला कळतं. मग एखादं वाक्य घशात अडकत असेल, तर त्या उपासनेला जावं की नाही?

हा प्रश्न पंडिता रमाबाईंना फार कठोरपणे पडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये, वाँटेज इथं त्यांनी लहानग्या लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढं चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकताना त्यांचे अँग्लिकन मंडळींशी खटके उडू लागले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हा त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको, असं त्या विचारत. बाईनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांनी सांगितलं, तेव्हा तर त्या उसळल्याच. भारतातल्या पुरोहितांचं जू नुकतं मानेवरून उतरवलेली ही बाई दुसरं जू कशी घेणार? धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना अहंकारी ठरवलं. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपानं आला आहे. तो वाचताना मला सिस्टरबाईंचीही थोडी कीव येते. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटलं, तिला नुसतं ‘विश्वास ठेव’ म्हणून कसं भागावं!

रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडलं नाही आणि बिशपांपुढं मानही तुकवली नाही. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या आहोत, पण धर्मगुरूच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारायला बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका होती. केडगावला उभारलेलं मुक्ती मिशनही त्यांनी कोणत्याच एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक दुसऱ्या वाटेनं गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते वीसहून अधिक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले. ख्रिस्ताचा विलायती पेहराव त्यांना खुपत होता, म्हणून आत राहूनच त्यांनी भजनं रचली, कीर्तनं केली. अखेर १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. दोन वर्षांत ते वारले. ते मिशनमधून बाहेर पडले, पण मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही गातात.

आता आपल्याकडचं पाहा. पुण्यामुंबईत एक चर्च पटलं नाही तर दुसऱ्या गल्लीत दुसरं असतं. आपल्या भागात मंडळ्या थोड्या आणि लहान. लेकीचं लग्न तिथंच लागायचं, घरातलं माणूस गेलं तर खांदा द्यायला तीच माणसं यायची. अशा ठिकाणी एका सिद्धान्तासाठी उंबरा सोडणं म्हणजे सोयरेधायरे सोडण्यासारखंच आहे. म्हणून मला वाटतं, जावं. भजन म्हणावं, प्रार्थनेला बसावं, आजाऱ्याच्या घरी मंडळीबरोबर जावं. जे वाक्य मनापासून म्हणता येत नाही, ते म्हणू नये. आणि आपण गप्प का राहतो, हे पाळकांना एकदा स्वतः जाऊन सांगावं. ते त्यांना दुसऱ्याकडून कळू नये.

याला एक मर्यादा मात्र आहे. शंका विचारणं हेच पाप ठरू लागलं, किंवा मुलांना नरकाची भीती घालून गप्प केलं जाऊ लागलं, तर तिथं राहू नये. मग चार घरं मिळून कुणाच्या ओसरीवर उपासना करावी.

श्रोत्यांमधल्या पाळकांना एवढीच विनंती आहे: तुमच्या मंडळीत कुणी मतांगीकाराच्या वेळी ओठ मिटून उभं असेल, तर उपासनेनंतर त्याला चहाला बोलवा आणि आधी त्याचं ऐकून घ्या.