रेष ओढण्याआधी ठिपके रंगवा



शिरोली एमआयडीसीतल्या बऱ्याच फाउंड्र्यांमध्ये सँड लॅबच्या टेबलावर आता रजिस्टरच्या शेजारी संगणक आहे. ओलावा, कॉम्पॅक्टॅबिलिटी, ग्रीन स्ट्रेंग्थ, पर्मिअ‍ॅबिलिटी, सगळे आकडे रोज चढतात. महिनाअखेरीला रिजेक्शनची मीटिंग लागली की एक्सेलमध्ये स्कॅटर निघतो. आडव्या अक्षावर वाळूतला ओलावा, उभ्या अक्षावर ब्लो होलचं रिजेक्शन, एका शिफ्टचा एक ठिपका. इथपर्यंत उत्तम. पण ठिपके नीट बघून व्हायच्या आतच कुणीतरी राइट क्लिक करून ट्रेंडलाइन टाकतं. एक रेष सरळ जाते, ठिपके रेषेला किती धरून आहेत ते सांगणारा आर स्क्वेअर कोपऱ्यात उमटतो आणि सगळी मीटिंग त्या रेषेच्या मागं लागते.

मला आज एवढंच सांगायचंय, की रेष ओढण्याआधी ठिपक्यांना रंग द्या. कुठल्या लाइनचा ठिपका, कुठल्या शिफ्टचा, कुठल्या पार्टचा, ते रंगानं वेगळं करा आणि मग रेषेला हात लावा.

असं का, ते बघा. समजा, एका कारखान्यात दोन मोल्डिंग लाइन आहेत. एक हाय प्रेशर लाइन. तिथं साचा घट्ट बसतो, वायू बाहेर पडायला वाट कमी, म्हणून वाळूत पाणी कमी ठेवतात. ३ ते ३.४ टक्के धरू. तिथं कोअर असलेले अवघड पार्ट भरतात, म्हणून रिजेक्शन मुळातच जास्त, ६ ते ८ टक्के. दुसऱ्या बाजूला आर्पा मशिनं. तिथं ओलावा ३.८ ते ४.४, पार्ट साधे, रिजेक्शन २ ते ४ टक्के. आता सगळे ठिपके एकाच निळ्या रंगात टाका आणि रेष ओढा. रेष खाली उतरते! म्हणजे ती म्हणते, पाणी वाढवा, ब्लो होल कमी होतील. मोल्डिंगवर उभा राहिलेला कुठलाही माणूस हे ऐकून कपाळावर हात मारील. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड ओल्या वाळूत उतरलं की पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की ती धातूत शिरते आणि पोकळी धरते. पाणी वाढवून ती कमी कशी होईल? तेच ठिपके हाय प्रेशरचे लाल आणि आर्पाचे हिरवे करा. लाल थवा वर चढतो, हिरवाही वर चढतो. आकडे तेच, उत्तर बरोबर उलटं. एडवर्ड सिम्पसन यांनी 1951 साली आकड्यांची ही गफलत मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव पडलं.

आपल्याकडं पुष्कळांच्या घरी ऊस आहे, त्यांना हे गुऱ्हाळावरून लगेच पटेल. एक गाडी नदीकाठच्या मळीच्या रानातली, दुसरी चोपणातली. दोन्हींचा रस एकाच काहिलीत गेला आणि गूळ खारवट, काळपट उतरला, तर दोष कुणाच्या माथी मारणार? गुळव्याच्या? चुलवाणाच्या? चुना जादा पडला म्हणणार, की भेंडीचं पाणी कमी पडलं म्हणणार? आधण झाल्यावर कितीही चाखा, चवीवरून रान सांगता येत नाही. म्हणून जाणता गुळव्या रस काहिलीत पडायच्या आधीच विचारतो, ऊस कुठल्या रानातला? आणि चोपणातल्या उसाचं आधण वेगळं लावतो. ट्रेंडलाइन ही त्या आधणाची चव आहे. ठिपक्यांचं रान आधी विचारा.

ही काही माझ्या पदरची गोष्ट नाही. क्वालिटी सर्कलच्या फलकावर इशिकावांची सात साधनं लिहिलेली असतात. त्यांत स्कॅटर असतो, आणि मूळ जपानी यादीत वर्गवारी, म्हणजे हेच ठिपके वेगळे करणं, तीही आहे. ती आपण वाचतो आणि सोडून देतो.

करायला हे अवघड नाही. एक्सेलमध्ये दोन लाइनींचे आकडे दोन सिरीजमध्ये घ्या, म्हणजे प्रत्येकीची ट्रेंडलाइन वेगळी टाकता येते. पॉवर बीआय वापरत असाल तर लाइनचं नाव लेजेंडमध्ये टाका आणि ट्रेंडलाइनखालचं ‘कम्बाइन सिरीज’ बंद करा. एवढंच. मात्र त्यासाठी रजिस्टरमध्ये लाइनचा रकाना हवा! तोच नसेल तर सॉफ्टवेअर रंग देणार कशाला? आणखी एक. ब्लो होल पुष्कळदा मशिनिंगमध्ये उघडा पडतो, कास्टिंग ओतल्यावर कितीतरी दिवसांनी. ते रिजेक्शन सापडल्या तारखेला चढवलं तर ठिपका भलत्याच दिवसाच्या वाळूला चिकटतो. कास्टिंगवरचा हीट कोड वाचा आणि ओतल्या दिवसाशी जोडा. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य, पण ते टाळून काढलेला स्कॅटर भिंतीवर लावू नका.

आता आर स्क्वेअरबद्दल. तो कमी आला की ‘संबंधच नाही’ म्हणून मोकळं होतात. एकूण रिजेक्शन घ्या. वाळू फार कोरडी झाली तर साच्याच्या कडा झडतात आणि वाळू कास्टिंगमध्ये जाते. फार ओली झाली तर ब्लो होल. म्हणजे दोन्ही टोकांना रिजेक्शन वर, मधे खाली. या वाकड्या आकारावर सरळ रेष टाकली तर आर स्क्वेअर शून्याजवळ येईल, आणि संबंध तर घट्ट आहे. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी 1973 साली अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच करून दाखवले. चारही संचांची रेष तीच, सहसंबंध ०.८१६ तोच. चित्रं मात्र चार तऱ्हांची, त्यातलं एक चक्क कमानीसारखं वाकलेलं. म्हणून पुन्हा सांगते, आधी ठिपके, मग रंग, मग रेष.

वेळ संपत आलाय. मर्यादारेषांचं राहिलंच. ओलाव्याची वरची आणि खालची हद्द आडव्या अक्षावर उभ्या रेषांनी दाखवा, रिजेक्शनचं उद्दिष्ट आडव्या रेषेनं. चित्राचे भाग पडतात आणि हद्दीत राहूनही वर गेलेले ठिपके उठून दिसतात. तिथं दोष ओलाव्याच्या माथी मारता येत नाही. मग कोअर बघा, ओतण्याचं तापमान बघा. थव्यापासून लांब पडलेला एखादा ठिपका असेल तर रेष देखणी यावी म्हणून तो पुसू नका. त्यावर हीट नंबर लिहा आणि त्या शिफ्टच्या माणसाला जाऊन विचारा, त्या दिवशी मिक्सर बंद पडला होता का, नवीन बेंटोनाइट आलं होतं का, की पावसात वाळू भिजली होती.